रिकामी गाडी काट्यावर

पारडीच्या धर्मकाट्यावर गाडी रिकामी चढवली
तेव्हा काटेवाला हसला,
"रिकामीचं वजन कोन करते, भाऊ?"
मी म्हटलं, नंदनवार मिस्त्रींनी सांगितलं.
मग तो हसला नाही.

सोळाशे चाळीस.
आरसी बुकात चौदाशे नव्वद.
हे दीडशे किलो कुठून आले?
आधीच्या मालकानं ठोकलेला पिंजरा,
हौद्यातला जाड पत्रा, दुसरी स्टेपनी,
सीटमागची साखळी, ताडपत्री,
आणि डॅशबोर्डवरचा पितळी मारुती,
त्याला मी वजनात धरत नाही.

नंदनवारांचा बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
धागा तुटायच्या आधी त्याला ऐकू यायचं म्हणतात.
लेकानं माग विकून भट्टी घातली,
पण कान तोच ठेवला.
गाडीखाली पाठीवर सरकत गेला,
हातोडीनं एकेक पाटा वाजवला.
पहिला वाजला. तिसरा वाजला.
दुसऱ्यावर त्यानं पुन्हा मारलं, पुन्हा मारलं,
आणि बोट लावलं
सेंटर बोल्टाच्या भोकापाशी,
केसाएवढी चीर, आत गंज.
"शॅकलचा बुश अंड्यासारखा झाला," खालूनच म्हणाला,
"आन् पाट्याचा पाट झाला.
आता यावर जेवायलाच बसा."

मी उगाच म्हणालो, माझीही कंबर अशीच
काटोल रोडनं खाऊन टाकली.
तो बाहेर आला, हात पुसले.
"कंबर दुखते तं डॉक्टरकडं जा.
लोखंडाले कंबर नसते.
लोखंडाले माप असते."

खडूनं त्यानं फाटकावरच लिहिलं:
सव्वीसशे एकूण. वजा सोळाशे चाळीस.
वजा मी, वजा भूपेश,
भूपेशनं चप्पल काढून वजन सांगितलं,
दोघांचे मिळून एकशे तीस.
राहिले आठशे तीस.
कॅरेट बावीस किलोचं.
सदतीस.
अडतिसावं बसत नाही.

चार वर्षं मी साठ नेत होतो.

चार वर्षं समोरचे ट्रक मला डिपर मारायचे
आणि मी त्यांच्या मायबहिणी काढायचो.
मागून बसलेली गाडी, नाक वर,
माझे दिवे रस्त्यावर कधी पडलेच नाहीत.
कळमेश्वरच्या अलीकडं कडुलिंबाचे शेंडे
असे लख्ख दिसायचे, पानन् पान.
मला वाटायचं, काय बल्ब आहे!
स्टेअरिंग एका बोटावर फिरायचं,
तेही मी कौतुकानं सांगत फिरलो.
पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकून होती,
हे मला कोणी सांगितलं नाही.
गाडी सांगत होती. ती धरू नका.

"मिस्त्री, दोन पाटे जास्तीचे टाका. साठ जातील."
"टाकतो. दहा टाकतो.
एक्सल कोन जाड करन? ब्रेक तोच, टायर तेच.
आता वाकून तरी दाखवते.
मंग दाखवनार नाई,
एका दिवशी वाडीच्या उतारावर
सरळ ऐकवन."

नवे पाटे मोजून तेवढेच घातले, जेवढे कंपनीनं दिले होते.
बुश नवे, शॉकअप नवे.
पिंजरा कापून काढला, भंगारात चाळीस रुपये किलो.

टावरी शेठ बागेतून फोनवर:
"आणि बाकीचे तेवीस?"
दुसऱ्या खेपेत.
"दर तोच राहील."
डिझेल दोनदा, टोल दोनदा, झोप निम्मी.
गणित अजून जमलेलं नाही, खोटं कशाला बोलू.
नंदनवारांचे सहा हजारही राहिलेत.

काल रात्री सदतीस घेऊन निघालो.
खड्डा आला. धाडकन् व्हायचं ते
नुसतं हुं झालं.
भूपेश जागा झाला नाही.
पुढं डांबराचं ठिगळ दिसलं,
त्यावर कोणाची तरी एक पायातली चप्पल,
त्यापलीकडं कुत्री, पिलांना घेऊन,
मधोमध.
इतक्या लांबून दिसली
की मी सावकाश थांबलो,
आणि ती उठायची वाट पाहिली.