खुराड्यावरची पाटी

दोंडाईच्याला बसस्टँडसमोर माझं मोबाइलचं दुकान होतं.
सहा बाय आठ. आत मी, एक स्टूल, एक गणपती,
आणि वर पत्र्याची पाटी: हच.
मिरचीच्या दिवसांत गिऱ्हाईक बोलण्याआधी शिंकायचं,
मग म्हणायचं, रिचार्ज मार.
अर्थ कुणीच विचारला नाही.
सिमकार्डाला अर्थ कशाला लागतो,
रेंज लागते.

बापू डबा घेऊन यायचे
आणि उंबऱ्यातच थांबायचे.
"हाई दुकान शे का खुराडं?"
मी हसून डबा आत घ्यायचो.
दुसरा माणूस मावतच नव्हता.

कंपनीनं नाव बदललं, मी पाटी बदलली नाही.
गावात सगळे मला हचवालाच म्हणायचे.
मग फुकट नेट आलं.
मी पाटी उतरवली, गोण्यांमागे टाकली
आणि दुसऱ्याच्या आडतीवर
वह्या लिहायला बसलो.

एका चैत्रात रानमांजरानं
गोजरआत्याच्या चार तलंगा नेल्या.
पिसं नाल्यापर्यंत सांडलेली.
धुडकू मिस्तरी आला, कानामागे पेन्सिल.
केळीच्या खोक्यांच्या फळ्या, बाभळीचे चार पाय,
जाळी एका मेलेल्या कूलरची.
"छतले काही शे का?"
मी पाटी काढून दिली.
उलटी ठोक म्हटलं, तर ऐकेना.
रंगाची बाजू वर असली
की पत्रा लवकर गंजत नाही म्हणे.

तेव्हापासून अंगणात हच.
दुपारी त्यावर सांडगे वाळतात,
पहाटे कोंबडा चढून गाव उठवतो,
आणि दिवेलागणीला आत्या वाकून मोजते:
एक, दोन, तीन,
आणि ती लंगडी.

सुट्टीत पुण्याहून भाची आली, मृण्मयी.
उकिडवी बसून कोंबड्या बघत होती.
मान वर केली आणि जी हसत सुटली,
"मामा, खुराड्यावर खुराडं लिहिलंय तुम्ही!"

मग तिनं समजावलं:
ससे ठेवतात ते. कोंबड्यांचंही चालतं.
बश्या मांडायचं फडताळ असतं, त्यालाही म्हणतात.
आणि कुणाच्या एवढ्याशा घराला
नाक मुरडायचं असेल, तरी हाच शब्द.

मी पत्र्याकडे बघत राहिलो.
कडेचा रंग उडालाय,
पण अक्षरं अजून शाबूत.
अकरा वर्षं त्याच्याखाली बसलो होतो मी.
बापूंना इंग्रजीचा गंध नव्हता,
त्यांनी पहिल्याच दिवशी
ती पाटी बरोबर वाचली होती.

आत्याला सांगितलं.
ती म्हणाली, "मंग? बरोबर लिखेल शे ना."
आणि लंगडीला हातानं आत सारून
तारेची कडी घातली.