रकाना नसलेली गोष्ट

नाताच्या सलूनात खुर्च्या दोन, गिऱ्हाईक एक,
आणि वाद घालायला आम्ही सहा.
विषय बारमाही, मासळी मिळो न मिळो:
डोंगरावरच्या शाळांतून व्हॉलीबॉलला आलेली
सगळ्यात भारी जोडी कुठली?

डोंगरावरचीच का, असं वेंगुर्ल्यात कुणी विचारत नाही.
आमची पोरं वाळूत वाढलेली, खेळ बरा,
पण डिसेंबरात ती सकाळच्या एसटीतून उतरायची,
ओठ थंडीने फुटलेले, फडक्यात नाचणीची भाकरी,
आणि संध्याकाळी आमची ढाल घेऊन घाट चढायची.

दाजी तांडेल म्हणतो, गेळ्याचे गवस भाऊ.
"दोघांत बुटांचो एकच जोड होतो रे!
एकान डावो घातलेलो, एकान उजवो!"
हे खोटं आहे. मी गुणलेखक होतो, मला माहीत आहे,
दोघेही अनवाणी होते.
पण दाजीच्या त्या बुटाला आता तीस वर्षं झाली,
खऱ्या बुटापेक्षा तोच जास्त वापरला गेलाय.

इनास फर्नांडिसचं मत दाणोलीच्या पोरींना.
सुनंदा आणि तिची मामेबहीण रुक्मी.
रुक्मी सर्व्हिसला गेली की समोरच्या सहाजणी
चेंडूकडे नाही, एकमेकींकडे बघायच्या.
त्या सहांत इनासची बहीण होती.
पंधरा-तीन.
त्यांच्या घरात तीन हा आकडा अजून जपून बोलतात.

मग नाता कात्री थांबवतो.
"आणि चौकुळचे?"

सगुण गावडे उचलणारा, लाडू परब मारणारा.
त्या वर्षी शाळेचं नेट फाटलेलं,
म्हणून रापणीचं जुनं जाळं बांधलं होतं,
त्याला बांगड्याचा वास, खाली मांजरं.
लाडू हवेत असायचा तेव्हा
चेंडू सगुणच्या बोटांतून सुटलेलाही नसायचा.
येणारच, असं धरून माणूस जमीन सोडतो,
हे मला संसारातही जमलेलं नाही.

वहीत लाडूच्या नावापुढे उभ्या रेघा,
पाच झाल्या की आडवी. पानभर कुंपण.
सगुणच्या नावापुढे कोरं.
उचलण्याला रकाना नव्हता.
आणि मलाही तेव्हा तो आखावासा वाटला नाही.

आता दोघं बोलत नाहीत.
काजूच्या बागेची हद्द, दीड हात जमीन,
अकरा वर्षं तारखा.
पण चौकुळहून खाली यायला सकाळची गाडी एकच,
तेव्हा वादी पुढच्या बाकावर, प्रतिवादी मागच्या,
आणि तिकीट दोघांचं सारखंच.

गेल्या मंगळवारी सावंतवाडीच्या स्टँडवर
मी चष्म्याच्या कामाला गेलेलो.
लाडू उतरला, पिशवी वर फळीवरच राहिली.
कंडक्टर ओरडला, "कोणाची ही?"
उत्तर कुणी दिलं नाही.
सगुणने ती खिडकीतून बाहेर काढली,
कपाळाच्या वर, दोन्ही हातांनी,
नुसत्या बोटांच्या टोकांवर,
आणि जरा उंच सोडली.
लाडूचा हात आधीच वर होता.

पिशवीत सगुणच्याच विरुद्धचे कागद असणार, दुसरं काय?
दोघं कोर्टाच्या रस्त्याला लागले,
मध्ये दहा पावलं, ना कमी ना जास्त.
गुडघा लाडूचा गेलाय. डावा.
चष्मा राहिलाच माझा.

हे मी सलूनात सांगितलेलं नाही.
सांगितलं तर दाजी त्या पिशवीत
आठवड्याभरात एक नारळ घालेल,
आणि दिवाळीपर्यंत खिडकीची उंची वाढलेली असेल.

आज नाताने माझ्या मानेवर वस्तरा ठेवून विचारलं,
"मास्तर, तुमी कधी बोलणास नाय. तुमची जोडी खंयची?"
आरशात पाच तोंडं माझ्याकडे वळली.
मी म्हटलं, "गवस भाऊ. बुटासकट."

दाजी इतका खूश झाला
की सहाही चहा त्याने सांगितले,
आणि पैसेही दिले.