लाकडाचाच तर आहे

पोळ्याच्या आधी पंधरा दिवस
आमच्याकडे झोपायला जागा नसायची.
दाराशी बैल, शिलाई मशीनखाली बैल,
तांदळाच्या कोठीवर चारी पाय वर करून
रंग वाळायची वाट बघणारे उताणे बैल.

बाबा, म्हणजे डोमाजी खापेकर,
शिवणीचं लाकूड टिचकी मारून ऐकायचे,
बाजारात टरबूज ऐकतात तसं.
ओंडक्यातून आधी वशिंड निघायचं,
मग मान, मग गळ्याखालची पोळी.
शिंगं वेगळी करून खोबणीत बसवायची,
कारण पोट्टे बैलाला शिंगानंच उचलतात.

डोळे माझ्याकडे.
उजवा सोपा.
डावा काढताना
उजव्यानं कुठं पाहिलंय ते आठवावं लागतं.

गिऱ्हाईक म्हणायचं, "काहून बाप्पा एवढा महाग?
लाकडाचाच तर आहे!"
पटाशी न थांबवता बाबा:
"म्हणूनच तर चाऱ्याचे पैसे लावले नाही, बाई."

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी
सारा महाल मारबतीमागे धावायचा,
आणि रिकाम्या गल्लीत आम्ही, न खपलेल्या बैलांसोबत.
त्यातला एक मला.
एका वर्षी कपाळात गाठ असलेला.
एका वर्षी, ज्याचं मागचं चाक जरा लहान झालं तो;
ओढला की मान डोलवायचा.
"अवो, हा तर हो म्हणते!" म्हणत
चितारओळीतल्या बायांनी घराघरातून बोजारा दिला.
सव्वीस रुपये. झुलीवाल्या पोट्ट्यांपेक्षा जास्त.

पुढच्या वर्षी बाबांनी मुद्दाम
दहा बैलांचं एकेक चाक लहान केलं.
एकही डोलला नाही.
नुसते लंगडले.

परवा एक माणूस आला, पिशवीत जुना बैल,
एक शिंग गेलेलं, रंग उडून पांढुरका.
मी डोळ्यांवरून ओळखला.
उजवा समोर, डावा भलतीकडेच.
नऊ वर्षांची असताना घाई केली होती मी,
बाबा काही बोलले नव्हते, विकून टाकला होता.

"डोळ्यांना हात लावू नका," तो म्हणाला,
"आई म्हणायची, घरात कुठंही बस,
एक डोळा तुझ्यावर असतो त्याचा."

शिंगाचे किती, विचारलं. सांगितले.
तो हसला.
"जास्त होतात हो. शेवटी
लाकडाचाच तर..."

मी पटाशी उचलली.