सुईचा आवाज वजा करून

माझं काम माइक लावायचं.
गळ्यापाशी, बटणाच्या आत, चिकटपट्टीनं.
गोंदणाऱ्यांच्या गळ्यांवर आधीच इतकं कोरलेलं
की पट्टीला कोरी जागा शोधावी लागते.

कॉर्पस क्रिस्टी. बंदराकडे उतरणारा रस्ता,
एका अंगाला माशांच्या आमिषाचं दुकान,
दुसऱ्या अंगाला बंद पडलेली लाँड्री,
मधे इसीद्रो कांतूचं टॅटूचं दुकान
आणि त्यात आम्ही अकरा जण, तीन कॅमेरे,
दिव्यांनी शाई सुकते म्हणून कुरकुरणारी डार्ला.

भांडणं बुधवारी.
वेळापत्रकात लिहिलेलंच असायचं:
दुपारी दोन, पार्किंग, भांडण.
ट्रकच्या भोंग्यानं आवाज बिघडला
की मीच हात वर करायचो, पुन्हा.
तिसऱ्या खेपेला डार्लाला खरंच राग यायचा.
तीच खेप आम्ही ठेवायचो.

आणि सुई. सुईची घरघर
बोलण्यावर येऊन बसते, माशीसारखी.
म्हणून गिऱ्हाईक बोलत असताना मशीन बंद,
डार्लाचा हात नुसताच कातडीवर टेकलेला.
टीव्हीवर तुम्ही जे गोंदणं बघता
त्यात बहुतेक वेळा कुणी गोंदत नसतं.

पहिल्या पर्वात लोरेटा क्रेनेक आली होती,
शाळेची बस चालवणारी.
दंडावर पेलिकन हवा होता, खाली एक तारीख.
कशासाठी, विचारलं. ती म्हणाली,
"माझा भाऊ गेला."
पुढेही बोलली. पण संकलकानं
"गेला"वर कात्री लावली,
मागे पियानो सोडला,
आणि पेलिकन हळूहळू अंधारात.

झालं. दुकानाच्या दाराशी फुलं, मेणबत्त्या.
आमिषवाल्यानं आठवडाभर झेंडा अर्ध्यावर ठेवला.
लोरेटानं वाहिनीला दोनदा फोन केला.
करार एकोणीस पानी, सही तिचीच.
मग बसमधल्या पोरांनी तिला एक कार्ड दिलं,
वाकड्यातिकड्या सगळ्यांच्या नावांचं.
त्यानंतर तिनं फोन केला नाही.

तिसऱ्या पर्वात, एका मंगळवारी,
रिफायनरीचे बूट घातलेला एक उंच माणूस
दार ढकलून आत आला, म्हणाला,
"मी तो मेलेला."

इसीद्रोच्या हातून शाईची कुपी सुटली.
डार्ला हसली, आणि लगेच तोंडावर हात, मोज्यासकट.
निर्मात्याच्या डोळ्यांत तोवर अख्खा भाग तयार:
भाऊ उभा, बहीण येते, किंचाळते.
"माइक लावा याला."

मी हात पुढे केला.
त्यानं तो धरला. जोरात नाही.
"आवाजवाला तूच ना?
ती पुढे काय म्हणाली, आहे तुझ्याकडे?"

होतं.
कापलेलं कुठे जात नाही,
माझ्या डब्यांत पडून असतं.
व्हॅनचं दार लावून घेतलं,
त्याच्या कानांवर हेडफोन ठेवले.
बाहेर निर्माता काच वाजवत होता.

*माझा भाऊ गेला
बोमॉन्टला, नोकरीवर.
जायच्या आदल्या रात्री माझ्या गाडीचे ब्रेक बदलून गेला,
सांगितलंसुद्धा नाही मूर्खानं,
मला सिग्नलला कळलं.*

तीनदा ऐकलं त्यानं.
तिसऱ्यांदा ओठ हलले, "मूर्खानं"पाशी.
मग वायर नीट गुंडाळून परत दिली
आणि विचारलं, दुपारची बस कुठल्या रस्त्यानं जाते.
मला ठाऊक नव्हतं.
आमिषवाल्यानं सांगितलं, झेंडावाल्यानं,
त्याच्याकडे टक लावून बघत.

आत आलो तर कॅमेरे बंद,
निर्माता फोनवर कुणाला तरी समजावतोय,
डार्ला एका खलाशाच्या पोटरीवर वाकलेली,
मशीन चालू.
तीन पर्वं जी घरघर मी पुसत आलो
ती खोलीभर, कपाटांच्या काचांत, माझ्या दातांत.
डार्लाच्या गळ्यावरचा माइक काढायला गेलो.
वर न बघता ती म्हणाली,
"थांब. रेघ पुरी होऊ दे."