शनिवारची शेळी

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
आता मात्रा मोजतो.
दर शनिवारी साडेचारला सिडकोतल्या
वाचनालयाच्या वरच्या खोलीत
सतरंजी, माझी ढोलकी,
आणि गायधनीबाईंची गोष्ट, जिचा शेवट
त्या घरून लिहून आणतात अन् तसाच परत नेतात.

कारण पोरं.

आज एक शेळी आहे. तिला नदी ओलांडायची आहे.
"मग ती पाण्यात उतरली," बाई म्हणाल्या,
तोच ओवी बेंडकुळे उभी राहिली:
"उतरेल कशी? धरणातून पाणी सोडलंय.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय!"
झालं. बत्तीस मुंड्या हलल्या.
कमरेला म्हणजे कमरेला.

"मग पूर वाजतो कसा?"
बाईंनी विचारायचा अवकाश, खोली फुगू लागली.
सतरंजीवर घासलेले तळवे, किल्ल्यांचा जुडगा,
मुस्तकीमनं रिकाम्या बाटलीत फुंकलेला घोगरा सूर.
मी डाव्या पुडीवर तळहात घासत
सगळ्यांच्या खालून वाहत राहिलो.
कुणी म्हणे होडी, कुणी हेलिकॉप्टर,
कुणी म्हणे, तिला येतं पोहता,
फक्त सांगितलं नाहीये कुणाला.

आणि खिडकीखालचा विहंग,
जो तीन शनिवार नुसता बसून आहे
डब्याचं झाकण मांडीवर धरून,
त्यानं बोटानं वाजवलं
टक.
थांबला.
टक टक.

माझा हात पुडीवरून आपोआप उचलला गेला.
पूर थांबला.
बत्तीस पोरांचं गप्प होणं
या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकलं.

"कोण आहे?" बाई कुजबुजल्या.
त्यानं वर न बघता, झाकणालाच विचारल्यासारखं,
पुन्हा: टक.
"शेळीच आहे," ओवी म्हणाली, "खूर आपटतेय.
मधल्या दगडावर उभी आहे."
"मग आता?"
विहंगनं खांदे उडवले.

तेवढ्यात वॉचमन शिंगाडेंनी
दिव्याचं बटण खालीवर केलं. सहा वाजले होते.
सतरंजी गुंडाळली, चपलांची अदलाबदल झाली,
शेळी तिथंच राहिली.

बुधवारी दाताच्या डॉक्टरकडे पंचवटीत जाताना
रिक्षा पुलावर अडकली.
खाली जेमतेम गुडघाभर पाणी,
काठावर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या.
मी वाकून पाहिलं. उगीच.
समोरची दांडी हाताशी होती.
टक.
थांबलो.
रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं,
"काय झालं, काका?"
"काही नाही," म्हटलं. "बघतोय,
उत्तर येतंय का."