मिठाचा हिशोब

केडर बेंड, आयोवा. वस्ती अकरा हजार.
नगरभवनाच्या दुसऱ्या मजल्यावर
सिटी मॅनेजर लोरेटा हॅल्व्हर्सन मीठ मोजते.
टनांत.
गेल्या हिवाळ्यात नऊशे, यंदा सातशे साठ,
कारण पोहण्याच्या तलावाची गळती
त्याच पैशांतून बुजवायची आहे.

तिला कुणी मत दिलेलं नाही.
फिती महापौर कापतात.
तिच्या वाट्याला मेलेलं हरीण, तुंबलेलं गटार,
आणि दर मंगळवारी मिस्टर डुगन,
शेजारच्या कोंबड्याबद्दल.

फोन मी घेते.
माझ्या उच्चारांवर ते आधी अडखळायचे,
आता विचारतात,
तुमच्या गावी किती वाजता आरवतो?

काल रात्रभर बर्फ पडला.
पहाटे चारला ती चर्चच्या उतारावर
गाडीचे दिवे लावून उभी,
नांगर कुठवर आला ते बघत.

सकाळी अकरा तक्रारी: मीठ कमी पडलं.
बारावी: जास्त झालं,
कुत्र्याचे पंजे चुरचुरतात.

मी बाराही नोंदवल्या.
आमच्यात म्हणतात, चवीपुरतं घालावं,
मी तिला सांगितलं.
तिने पेन्सिल उचलली.
"म्हणजे किती टन?"