वाटणीबाहेर

घर येत्स्केला, पियानो मला.
मांजराला कुणी विचारलं नाही,
ते हीटरपाशी होतं, तिथंच राहिलं.
पुस्तकं निम्मी निम्मी.
पेटीची सायकल मात्र
कागदावरच्या एकाही रकान्यात मावेना.
अडीच मीटर लांब, पुढे लाकडी पेटी,
पेटीत फळी, फळीवर फेन्ना,
आणि फेन्नाची वाटणी आधीच झालेली:
एक आठवडा इकडे, एक तिकडे.
वकीलबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
मग सायकलही जाऊ दे मुलीच्या मागे.
लेकुरवाळी आहे ती.

तेव्हापासून दर शुक्रवारी साडेपाचला
कालव्यावरच्या उचलपुलापाशी.
कधी पूल नेमका वर गेलेला असतो,
रेतीनं भरलेली बोट मधून जाते, सावकाश,
कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखी.
तेवढा वेळ येत्स्के पलीकडे, आम्ही अलीकडे.
फेन्ना पेटीत उभी राहून हात हलवते,
आईला की बोटवाल्याला, कळत नाही.

मग हँडल एका हातातून दुसऱ्या हातात.
चेन उतरतेय.
बघतो.
डावीकडचं झाकण फाटलंय, पाऊस आत येतो.
माहीत आहे.
बारा वर्षांत इतकं मुद्द्याचं
आम्ही कधी बोललो नव्हतो.

ज्या शुक्रवारी ती सायकल नेते
मी पायी घरी येतो
आणि वाटभर हातांचं काय करावं ते सुचत नाही.

माझ्या आठवड्यात: आधी शाळा,
मग विटांच्या रस्त्यावरून खडखडत दवाखाने.
मी कवळ्या बनवतो. फेन्ना उतरली की तिच्या जागी
खोक्यात वीस अनोळखी माणसांचे दात.
खड्डा आला की सगळे एकदम बोलतात.
परतताना बटाटे, मांजर नसूनही सवयीनं उचललेली
मांजराची वाळू (ती शुक्रवारी तिकडे जाते),
रिकाम्या बाटल्या, एकदा शेजारच्या आल्टिंगबाईंची
शिवणयंत्राची अख्खी मेज, वर बाई स्वतः,
मांडीवर पर्स, महाराणीसारख्या.
ग्रोनिंगेनला चढ नाही म्हणतात.
वारा आहे ना. तो पुरतो.
बीटच्या हंगामात साखर कारखान्याचा उबट गोड वास
तोंडावर घेत मी रेटत राहतो,
उभा राहून, बसून, पुन्हा उभा राहून.

पेटीच्या तळाशी तिचा आठवडा सापडतो.
समुद्राची वाळू. म्हणजे बेटावर गेल्या होत्या.
बिस्किटाचा चुरा, तिकिटाचा तुकडा,
आणि नोव्हेंबरात एकदा हातमोजा.
करडा, लोकरीचा, उजवा.
मोठ्या हाताचा. माझा नव्हे.

दोन दिवस तो फळीखाली तसाच ठेवला,
कुणाचं तरी मेलेलं पाखरू असावं तसा.
तिसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला,
आठ किलोमीटर जायचं होतं, बोटं वळेनात.
घातला.
चांगला होता. मला जरा सैल.
उजवा हात उबेत, डावा खिशात,
एका हातानं चालवत मी दातांचं खोकं नेलं
आणि शिव्या कुणाला द्यायच्या ते विसरलो.

शुक्रवारी धुऊन, वाळवून परत ठेवला, होता तिथंच.
बोललो फक्त चेनबद्दल.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी पेटीत
दोन होते.
चिठ्ठी नाही, काही नाही.
फेन्ना म्हणाली, रूर्डनं दिलेत, त्याच्याकडे दुसरे आहेत.
आणि म्हणाली, बाबा, माझे गुडघे आता
पेटीबाहेर येतात, बघितलंस का?

बघितलं होतं. उन्हाळ्यातच.
येत्स्केनंही बघितलं असणार.
त्याबद्दल अजून कुणीच काही काढलेलं नाही.
मागचा ब्रेक तेवढा कुरकुरतोय,
ते या शुक्रवारी आठवणीनं सांगायचं.